विश्लेषण : बंदी आली, चाल बदलली! ‘लाल बावटा कलापथका’चा भूमिगत प्रवास नेमका कसा होता?

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तीन शाहिरांच्या पथकाने सरकारी बंदी, अटका आणि बदलते राजकारण यांना तोंड देत आपली गायनशैली पुन्हा पुन्हा बदलली. तमाशा ते पोवाडा, पोवाडा ते लोकनाट्य आणि लोकनाट्य ते छक्कड असा हा प्रवास आहे. तो का झाला आणि त्यात काय मिळाले, काय गमावले, ते समजून घेऊया.

अनसिंग (जि. वाशिम) : ऑगस्टची पहिली तारीख आली की वाशिम जिल्ह्यात अण्णाभाऊ साठे जयंतीची लगबग सुरू होते. वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या बाजारपेठेच्या गावातही त्यांचे नाव नवीन नाही. फलकावरचा फोटो ओळखीचा असतो, ‘फकिरा’ कादंबरीचे नाव ठाऊक असते. मिरवणुकीत त्यांच्या रचना आता डीजेच्या ठोक्यावर वाजतात. जुनी मंडळी त्यावर नाराजी व्यक्त करतात. ‘अण्णाभाऊंच्या गाण्याला हा असला आवाज शोभतो का?’ असा त्यांचा सवाल असतो.

या सवालाचे उत्तर शोधताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ज्या पथकातून ही गाणी आली, त्या पथकाची एकच एक अशी शैली कधीच नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर तो एक ‘अंडरग्राउंड बँड’ होता. ‘अंडरग्राउंड’ हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा. पथकातले कलाकार कधी तुरुंगात असत, तर कधी पोलिसांना चुकवत भूमिगत राहत. अशा परिस्थितीत जे गाता येईल ते आणि जसे गाता येईल तसे, ही त्यांची रीत होती.

कलापथक कधी आणि कसे सुरू झाले?

‘लाल बावटा कलापथक’ १९४४ मध्ये मुंबईत उभे राहिले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. (दत्ता) गवाणकर हे त्याचे तीन आधारस्तंभ. पथक कम्युनिस्ट पक्षाच्या सांस्कृतिक कामाचा भाग होते. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९४३ मध्ये, मुंबईतच ‘इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन’ अर्थात ‘इप्टा’ स्थापन झाली होती. त्या चळवळीशीही या शाहिरांचा जवळचा संबंध होता.

तिघांमध्ये अण्णाभाऊंची पार्श्वभूमी महत्त्वाची ठरते. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव (ता. वाळवा, जि. सांगली) येथे मांग समाजात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. लहानपणीच ते वडिलांसोबत पायी मुंबईला आले. पडेल ते काम केले, गिरणीत राबले. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते वावरले. ढोलकी, हलगी, तुणतुणे ही वाद्ये त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाहीत. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कामगारांच्या सहवासात त्यांची लेखणी घडली. तिथल्या डासांवर त्यांनी रचलेला पोवाडा ही त्यांच्या शाहिरीची सुरुवात मानली जाते.

अमर शेख मूळचे बार्शीचे. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. मोठ्या सभेला खिळवून ठेवणारा बुलंद आवाज ही त्यांची ओळख. लेखणी अण्णाभाऊंची आणि आवाज अमर शेखांचा, अशी ही जोडी जमली. गवाणकर स्वतः रचना करणारे शाहीर होते. पथकाला श्रोता शोधावा लागला नाही. त्या काळात मुंबईच्या गिरण्यांत दोन लाखांहून अधिक कामगार होते. त्यातले बहुसंख्य कोकण आणि घाटावरच्या खेड्यांतून आलेले. तमाशा आणि पोवाडा त्यांच्या ओळखीचाच होता.

पहिला बदल : तमाशाची रचनाच पालटली

पारंपरिक तमाशाचा क्रम ठरलेला असतो. त्यातले मुख्य भाग असे :

• गण : सुरुवातीला गणपतीला वंदन.
• गवळण : कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गवळणी यांचा विनोदी संवाद व गाणी.
• लावणी व बतावणी : नाचीचे नृत्य, शृंगारिक रचना, सोंगाड्याच्या कोट्या.
• वग : शेवटचे कथानक. बहुधा राजा-राणी, सरदार किंवा पुराणातील पात्रांचे.

अण्णाभाऊंनी या रचनेतले काही भाग काढले, काही बदलले. गणात देवाऐवजी मायभूमी, शिवाजी महाराज आणि हुतात्मे यांना वंदन आले. गवळण जवळपास गेली. नाचीच्या नृत्याला केंद्रस्थान राहिले नाही. वग मात्र वाढला. त्यातला राजा गेला आणि शेतकरी, गिरणी कामगार, सावकार, शेटजी, पुढारी ही माणसे आली. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’, ‘माझी मुंबई’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही काही नावे पाहिली तरी विषय लक्षात येतात.

सोंगाड्याला त्यांनी हात लावला नाही. कारण गावातल्या मोठ्या माणसाची सगळ्यांदेखत खिल्ली उडवण्याचा परवाना परंपरेने त्यालाच दिलेला होता.

हा बदल करणारे अण्णाभाऊ पहिलेच होते, असे मात्र नाही. त्यांच्या आधी सत्यशोधक जलशांनी गण-गवळणीचा साचा वापरून भटशाही आणि सावकारीवर टीका केली होती. पुढे आंबेडकरी जलशांनी तोच धागा दलित वस्त्यांत नेला. लाल बावटा पथकाने या वारशाला गिरणगावाचा संप, निवडणूक आणि महागाई यांची जोड दिली.

पोवाड्यात स्टालिनग्राड कसे आले?

पथक उभे राहण्याच्या आधीच, १९४३ मध्ये, अण्णाभाऊंनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला होता. त्या वर्षी फेब्रुवारीत स्टालिनग्राड येथे जर्मन सैन्याने शरणागती पत्करली होती. शिवकाळातल्या लढाया सांगणारा पोवाडा इतक्या दूरच्या रणांगणावर गेला. त्यानंतर बंगालच्या दुष्काळावर ‘बंगालची हाक’ आणि अमळनेरच्या गोळीबारात मेलेल्या कामगारांवर ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’ हे पोवाडे आले. फाळणीच्या दंगलींवरही त्यांनी पोवाडा रचला.

या निवडीमागे व्यावहारिक कारणही होते. वगाला पात्रे लागतात, जागा लागते, तालीम लागते. पोवाड्याला एक मुख्य शाहीर, मागे दोन-तीन सुरते, एक डफ आणि एक तुणतुणे पुरते. तुणतुण्याला एकच तार असते. वीज लागत नाही, ध्वनिक्षेपक नसला तरी चालते. सगळे साहित्य एका पिशवीत मावते. शाहीर कडवे टाकतो, सुरते ‘जी जी’ करत ते उचलून धरतात. तेवढ्या वेळात शाहिराला दम घेता येतो आणि श्रोत्याला बातमी पचवता येते. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या कामगारासाठी हीच बातमी होती.

बंदी का आली?

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या.

एक, कम्युनिस्ट पक्षाने १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात सरकारविरोधी आक्रमक भूमिका घेतली. मुंबई प्रांतात धरपकड सुरू झाली. बाळासाहेब खेर तेव्हा मुख्यमंत्री होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. पक्षाशी जोडलेले कलापथक साहजिकच सरकारच्या नजरेत आले. पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली.

दोन, याच सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेचे कारण देत तमाशावरच बंदी घातली. फडांची उपासमार सुरू झाली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली. तमाशाला परवानगी मिळाली, पण संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. १९५४ मध्ये राज्यात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आले. प्रयोगाआधी संहिता मंजूर करून घेण्याची ही पद्धत महाराष्ट्रातील नाट्यसंस्थांना चांगलीच परिचित आहे. त्याखेरीज १८७६ चा ब्रिटिशकालीन नाट्यप्रयोग कायदा होताच. सरकारला न रुचणारा प्रयोग रोखण्याचा अधिकार देणारा हा कायदा औपचारिकरीत्या रद्द व्हायला २०१८ साल उजाडावे लागले.

म्हणजे कलापथक दुहेरी कात्रीत सापडले. ‘लाल बावटा’ या नावामुळे एक बंदी आणि ‘तमाशा’ या प्रकारामुळे दुसरी.

दुसरा बदल : तमाशाचे ‘लोकनाट्य’ झाले

यावर दोन मार्ग निघाले. वग करता येत नसेल तेव्हा सभेत, संपात, चाळीच्या चौकात पोवाडे आणि गाणी. आणि वग करायचाच असेल तर त्याला तमाशा म्हणायचे नाही, ‘लोकनाट्य’ म्हणायचे.

नाव बदलल्याने फक्त कायद्यातून वाट मिळाली असे नाही. श्रोताही बदलला. तमाशाला जाणे कमीपणाचे मानणारा पांढरपेशा वर्ग लोकनाट्याला उघडपणे येऊ लागला. राष्ट्र सेवा दलाचे कलापथकही याच प्रकाराकडे वळले. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. पुढे शाहीर साबळे यांची मुक्तनाट्ये, वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ अशी मोठी परंपरा तयार झाली. तमाशाचे अभ्यासक टेव्हिया अब्रॅम्स यांनी लाल बावटा कलापथकाची गणना १९५० च्या दशकातील सर्वांत लक्षवेधी नाट्यघटनेत केली आहे.

याची दुसरी बाजूही पाहावी लागते. लोकनाट्याला प्रतिष्ठा मिळाली, पण ज्या फडांच्या पोटावर बंदीने पाय दिला होता त्यांच्या वाट्याला ती आली नाही. तमाशातली स्त्री कलाकार, तिची लावणी, तिचा रोजगार हे सगळे ‘सुधारणे’च्या नावाखाली बाजूला पडले. गवळण आणि नाच काढून टाकणाऱ्या कलापथकाच्या नव्या शैलीतही तिला फारशी जागा नव्हती. अण्णाभाऊंना याची जाण होती, असे मानायला आधार आहे. पुढे त्यांनी तमाशा कलावंतिणीच्या आयुष्यावर ‘वैजयंता’ ही कादंबरी लिहिली. तिच्यावर १९६१ मध्ये चित्रपटही आला.

तिसरा बदल : काढून टाकलेली लावणी परत आली

शैलीतला सगळ्यात मोठा बदल मात्र उलट दिशेने झाला. ज्या लावणीला सुरुवातीला बाजूला सारले होते, तिच्याकडेच अण्णाभाऊ परतले.

त्यांची ‘मुंबईची लावणी’ हे याचे पहिले ठळक उदाहरण. मुंबईवर लावणी रचणारे तेही पहिले नव्हते. त्यांच्या आधी पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांनी मुंबईच्या झगमगाटाची लावणी गाजवली होती. योगायोग असा की पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे आणि अण्णाभाऊ वाटेगावचे, दोन्ही गावे वाळवा तालुक्यातली. एकाच तालुक्यातून आलेल्या दोन शाहिरांनी एकाच शहरावर लावणी केली. एकाला शहराची श्रीमंती दिसली, दुसऱ्याला त्या श्रीमंतीशेजारची झोपडपट्टी, बेकारी आणि विषमता.

त्यानंतर आली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. छक्कड हा लावणीच्याच कुळातला प्रकार. विरह हा लावणीचा जुना विषय. पोटासाठी मुंबईला आलेला नवरा आणि गावी राहिलेली बायको हे गिरणगावातल्या जवळपास प्रत्येक खोलीतले वास्तव होते. अण्णाभाऊंनी तो विरह घेतला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला जोडला. ‘मैना’ म्हणजे गावाकडची बायको, आणि मैना म्हणजे महाराष्ट्रापासून तोडलेला प्रदेशही.

काळ तसाच होता. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन परिसरात गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि शहर पेटले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. या लढ्यातील हुतात्म्यांचा १०५ हा आकडा पुढे लोकांच्या तोंडी बसला. सभांमध्ये पुढाऱ्यांची भाषणे सुरू होण्याआधी मैदान भरायचे काम शाहिरांचे असे. अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर यांच्या आवाजाशिवाय मोठी सभा होत नसे.

ज्या पथकाला सरकार ‘पक्षाचे प्रचारक’ म्हणत होते, त्याची गाणी आता पक्ष न मानणारा माणूसही गुणगुणू लागला. त्याला घोषणा पाठ नव्हत्या, विरह मात्र ठाऊक होता.

तेव्हा अनसिंग कुठे होते?

हा प्रश्न वैदर्भीय वाचकाला पडायला हवा. १९४८ मध्ये मुंबई सरकारने बंदी घातली तेव्हा अनसिंग मुंबई प्रांतात नव्हतेच. वाशिम परिसर तेव्हा अकोला जिल्ह्यात आणि अकोला ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’मध्ये होता. राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतर हाच प्रांत मध्य प्रदेश म्हणून ओळखला गेला. त्यामुळे मुंबईतल्या बंदीचा कायदा इथे लागू नव्हता.

राज्य पुनर्रचना आयोगाने तर विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. म्हणजे ‘माझी मैना’ मुंबईच्या मैदानांवर गाजत होती, तेव्हा आपले राज्य नेमके कोणते, हे विदर्भातही ठरायचे होते. विदर्भाकडे खडी गंमत आणि दंडार या स्वतःच्या लोककला होत्या. तरीही गिरणगावाची ही गाणी पुढे इथल्या वस्त्यांत पोहोचली आणि जयंतीच्या निमित्ताने रुजली. त्यांच्यामागे कोणतीही ध्वनिमुद्रण कंपनी नव्हती. एका शाहिराकडून दुसऱ्याकडे, एका कार्यकर्त्याकडून दुसऱ्याकडे हा त्यांचा मार्ग होता.

पथकाचे पुढे काय झाले?

महाराष्ट्र राज्य मिळाले आणि पथकाचे सगळ्यात मोठे व्यासपीठच संपले. लढा जिंकल्यावर लढ्याच्या गाण्यांची गरज कमी होते. समितीत फूट पडली. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्षही फुटला. गिरणगाव होते, पण १९४४ सारखी एकजूट राहिली नव्हती.

अण्णाभाऊ तोवर गद्याकडे वळले होते. १९५८ मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, हा त्यांचा विचार तिथलाच. १९५९ मध्ये ‘फकिरा’ आली. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या प्रयोगांवर सरकारने बंदी घातली होती, त्यांच्याच पुस्तकाचा सरकारने गौरव केला. त्याच वर्षी ते सोव्हिएत रशियालाही जाऊन आले. प्रत्यक्ष जगणे मात्र घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतच बराच काळ गेले.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊंचे निधन झाले. वय अवघे ४८. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, अमर शेख यांचे अपघाती निधन झाले. लेखणी आणि आवाज एकाच पावसाळ्यात गेले.

टपाल खात्याने १ ऑगस्ट २००२ रोजी अण्णाभाऊंचे तिकीट काढले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. स्टालिनग्राडचा पोवाडा गाणारा शाहीर रशियात पुतळ्याच्या रूपाने पोहोचला. पथकातल्या बाकीच्या सुरत्यांची, ढोलकीवाल्यांची नावे मात्र फारशी कुठे सापडत नाहीत.

मग डीजेचा वाद कसा पाहायचा?

‘जुनी शैली बिघडवली’ हा आक्षेप लाल बावटा कलापथकावरही घेता आला असता. त्यांनी गण बदलला, गवळण काढली, पोवाडा परदेशात नेला आणि लावणीत राजकारण आणले. प्रत्येक वेळी शैली बदलली, पण तीन गोष्टी टिकल्या :

• श्रोता तोच : गिरणी कामगार, शेतमजूर, वस्तीतला माणूस.
• शब्द ऐकू येणे : ढोलकी आणि तुणतुणे शब्दाला उचलून धरण्यासाठी होते, झाकण्यासाठी नव्हते.
• आजची गोष्ट : कालच्या संपाचे, आजच्या महागाईचे गाणे आज संध्याकाळी.

याच कसोटीवर आजचा ठोका तपासता येतो. ठोका नवा आहे म्हणून तो चुकीचा ठरत नाही. आज अमरावतीपासून मुंबईपर्यंत मराठीत रॅप करणारी मुले जात, बेकारी आणि शेतीवर बोलतात. त्यांची वाद्ये मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये आहेत, पण काम शाहिराचेच आहे. उलट मिरवणुकीतला आवाज इतका वाढला की ‘मैना’ का रडते हेच ऐकू येत नसेल, तर अडचण शैलीची नाही. शब्द हरवल्याची आहे.

अनसिंगच्या चौकात पुढच्या १ ऑगस्टला स्पीकर लागतील, तेव्हा मंडळांना एक साधा प्रयोग करता येईल. एका गाण्यापुरता आवाज खाली आणायचा. एक डफ, एक तुणतुणे, मागे दोन सुरते. बंदीच्या काळातही पथकाला एवढेच पुरत होते.